तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात वारसा, अलीकडे महाराष्ट्रात गुन्हा: घरच्या भट्टीचा कायदा सोप्या भाषेत

एप्रिलमध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या कुठल्याही काजूच्या बागेत सकाळी सातला जा. झाडं दिसायच्या आधी वास येतो, गोड, आंबूस, थेट डोक्यात जाणारा. झाडाखाली पिवळ्या-तांबड्या बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, सडा पडलेला असतो, वर माश्या घोंघावत असतात. आम्ही बोंडू उचलतो, बी पिळून काढतो, बी टोपलीत टाकतो आणि बोंडू तिथेच सोडून पुढे जातो. बोंडवाचं वजन बीच्या पाच ते दहा पट असतं. म्हणजे घरी एक क्विंटल बी आली, तर पाच-दहा क्विंटल फळ मातीत कुजलं. लहानपणापासून हे बघत आलोय, पण आजही ते बघवत नाही.

त्याच दिवसांत पेपरात दोन बातम्या येतात. एक गोव्याची: फेणीचा, म्हणजे काजूच्या दारूचा हंगाम सुरू, तिचा पहिला उतारा हुर्राक बाजारात. दुसरी आमच्या जिल्ह्याची: हातभट्टीवर छापा, इतके लिटर कच्चं रसायन नष्ट. गेल्या हंगामात शेजारच्या काकांनी मला विचारलं, "घरातल्या घरात थोडी लावली तर काय जाता? इकूची थोडीच असा?"

घरापुरती दारू गाळलेली कायद्याला चालते का, हा काकांसारखा प्रश्न पडणारे पुष्कळ आहेत. त्याचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण ते का, हे कळलं तरच पटतं.

## आंबवणं वेगळं, भट्टी लावणं वेगळं

आंबोळीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी फुगून वर येतं. पिठातले सूक्ष्म जीव साखर खातात आणि वायू सोडतात. गोड रसात हेच काम यीस्ट नावाची बुरशी करते. ती साखर खाते, वायू सोडते आणि सोबत अल्कोहोल तयार करते. माडाची माडी, द्राक्षाची वाइन, जवाची बिअर, हे सगळं याच वाटेनं होतं.

या वाटेला एक मर्यादा आहे. अल्कोहोल साधारण १२ ते १५ टक्क्यांवर गेलं की यीस्ट स्वतःच त्यात मरायला लागते. त्यापुढे न्यायचं तर भट्टी लागते. शास्त्राच्या पुस्तकात तिला ऊर्ध्वपातन म्हणतात. पेजेच्या टोपावरचं झाकण उचललं की आतल्या बाजूनं थेंब ओघळतात, तेच तत्त्व. पाणी १०० अंशांना उकळतं, दारूतलं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल ७८ अंशांच्या आसपास. आंबलेला रस तापवला की वाफेत अल्कोहोलचा वाटा जास्त असतो. ती वाफ नळीतून नेऊन थंड केली की पडणारी धार मूळ रसापेक्षा कितीतरी कडक असते.

हा फरक ध्यानात ठेवा. आंबवताना हात चुकला तर बहुतेक वेळा रस आंबट होऊन व्हिनेगरकडे जातो. भट्टीवर चूक झाली तर घर पेटू शकतं. अल्कोहोलची वाफ ज्वालाग्राही असते, आणि बंद पडवीत ती साठली तर चुलीतली एक ठिणगी पुरते. नळी गाळानं तुंबली तर भांड्यात दाब वाढतो. शिशाच्या डाकानं जोडलेली भांडी असतील तर शिसं दारूत उतरतं, आणि ते शरीरात वर्षानुवर्षं साचत राहतं.

## गोव्यात हेच राजरोस कसं चालतं?

झाड दोन्हीकडचं एकच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते ब्राझीलहून आणलं, आणि 'काजू' हे नावही तिथल्या तुपी भाषेतून त्यांच्यासोबत आलं. गोव्यात बोंडू कातळात खोदलेल्या कुंडात तुडवतात. त्या कुंडाला कोळंबी म्हणतात. तुडवून उरलेल्या चोथ्यावर दगड ठेवला की रात्रभर टिपकत राहणारा रस म्हणजे नीरो. तो ताजा असतानाच पितात. तुडवलेला रस काही दिवस आंबवून भाटीवर, म्हणजे तिथल्या भट्टीवर चढवला की पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा भाटी लावली की फेणी, ४० टक्क्यांच्या वरची.

गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एखाद्या पदार्थाचं नाव ठरावीक मुलखाशी बांधून देणारी ही कायदेशीर मोहोर. २०१६ मध्ये गोवा सरकारनं फेणीला वारशाचा दर्जा दिला.

आता दोन्हीकडच्या कायद्यांची नावं शेजारी ठेवून वाचा. गोव्यात १९६४ चा 'उत्पादन शुल्क' कायदा, आपल्याकडे १९४९ चा 'दारूबंदी' अधिनियम. निम्मी गोष्ट या नावांतच आहे. आपला कायदा झाला तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि १९६१ मध्ये मुक्त झाल्यावर त्यानं स्वतःचा वेगळा कायदा केला. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दारू हा विषय राज्यांकडे आहे. त्यामुळे देशभर एकच नियम नाही आणि सीमा ओलांडली की उत्तर बदलतं.

गोव्यात मोकळं रान आहे, असा आपल्याकडे गैरसमज आहे. तिथेही भाटीला परवाना लागतो. काजूच्या बागांचे विभाग पाडून त्या-त्या विभागातल्या गाळपाच्या हक्काचा लिलाव होतो. परसात चोरून लावलेली भाटी गोव्यातही बेकायदाच. फरक एवढाच की गोव्यात छोट्या गावठी भाटीवाल्याला परवान्याची वाट आहे, आणि आपल्याकडे ती बागायतदाराच्या दारापर्यंत आलेली नाही. मला खटकतं ते हेच.

## आपला कायदा नेमकं काय म्हणतो?

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ हा पूर्वीचा मुंबई दारूबंदी कायदा. राज्यात वाइन शॉप आणि बार चालतात, मग दारूबंदी कसली, असं वाटतं. या कायद्याची बांधणी कुलूप लावलेल्या घरासारखी आहे. आधी सगळी दारं बंद, मग परवान्याच्या किल्लीनं एकेक उघडायचं. दुकानाला परवाना, कारखान्याला परवाना, आणि कागदोपत्री पिणाऱ्यालाही परवाना. वयाची अटही आहे: सौम्य बिअर आणि वाइनला २१, कडक दारूला २५.

कलम १२ नुसार दारू तयार करायला, भट्टी उभारायला किंवा चालवायला मनाई आहे. कलम १३ नुसार दारू गाळायचं साहित्य, भांडी, उपकरणं बाळगायलाही मनाई आहे. म्हणजे एक थेंब गाळला नसला, पण त्या हेतूनं भट्टीचं सामान मांडून ठेवलं असलं, तरी गुन्हा घडतो. शिक्षा कलम ६५ मध्ये आहे. पोलिसांच्या बातम्यांत 'कलम ६५ ई', '६५ फ' असं जे वाचतो ते हेच, आणि त्यात तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

लोकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट कलम १०३ मध्ये आहे. एरवी फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. इथे मात्र दारू किंवा भट्टीचं साहित्य तुमच्याकडे सापडलं आणि ते का आहे याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर तुम्ही गुन्हा केला असं न्यायालय गृहीत धरतं. ते खोडून काढायचं काम तुमचं. 'माळ्यावर आजोबांच्या वेळचं पडलंय' हे उत्तर पुरेल याची खात्री देता येत नाही.

वारंवार धंदा करणाऱ्यांसाठी १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा आहे. त्याच्या लांबलचक मराठी नावात झोपडपट्टीदादांच्या शेजारी 'हातभट्टीवाले' हा शब्दच आहे. त्याखाली खटला उभा राहण्याआधीच एका वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं.

## "विकत नाही, घरापुरतीच" म्हटलं तर?

काकांचा प्रश्न हाच होता. कलम १२ गाळण्यालाच मनाई करतं. ते कशासाठी, किती आणि कुणाला पाजायला, हे तिथे विचारलेलं नाही. विक्री हा आणखी एक, वेगळा गुन्हा.

घरी केलेल्या वाइनबद्दलही पुष्कळजण विचारतात. कायद्याच्या व्याख्येत 'दारू' म्हणजे स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव. जांभळाच्या वाइनची बरणी या व्याख्येबाहेर नाही. नाताळात घरोघरी वाइन करणाऱ्यांवर धाडी पडताना आपण बघत नाही, ते खरं. पण कारवाई होत नाही म्हणजे परवानगी आहे, असं नव्हे.

मग 'माझ्या घरात मी काय करावं हा माझा हक्क' हा मुद्दा न्यायालयात टिकेल का? मुंबईच्या या कायद्यालाच आव्हान दिलं गेलं होतं. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं काही तरतुदी रद्द केल्या, विशेषतः औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलबाबतच्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. पुढे १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज खटल्यात, पिण्याच्या दारूचा व्यापार हा मूलभूत हक्क नाही, असं स्पष्ट केलं. राज्यघटनेचं ४७ वं कलमही दारूबंदीच्या दिशेनं जायला राज्याला सांगतं.

## 'पहिल्या धारेची' आणि मिथेनॉलचं खरंखोटं

मराठीत एखादी गोष्ट अस्सल असली की आपण ती 'पहिल्या धारेची' म्हणतो. हा शब्द भट्टीवरून आलाय. धारेत सर्वांत आधी उतरतं ते सगळ्यात कडक, म्हणून ती उत्तम, असा समज. प्रत्यक्षात अगदी सुरुवातीच्या थेंबांत घशाला जाळणारे, डोकं चढवणारे हलके पदार्थही उतरतात, म्हणून जाणकार गाळणारे ते बाजूला काढतात.

यातून दुसरा समज जन्मला: पहिले थेंब फेकले की विष गेलं. विष म्हणजे मिथेनॉल. दिसायला, वासाला, चवीला इथेनॉलच्या इतकं जवळचं की जिभेला फरक कळत नाही. ते ६५ अंशांच्या आसपास उकळतं, इथेनॉल ७८ ला. मग ते आधीच निघून जायला हवं ना? सावंतवाडीहून सुटलेली गच्च भरलेली एसटी आठवा. पहिल्या थांब्यावर उतरणारे चारच असतात, पण दारात उभे असलेले त्यांच्या रेट्यानं खाली येतात, आणि मागच्या बाकावर अडकलेला एखादा उतरायचा राहून पुढच्या थांब्यापर्यंत जातो. भांड्यातही तसंच. पाणी, इथेनॉल, मिथेनॉल एकमेकांना धरून असतात. मिथेनॉल पहिल्या थेंबांपासून शेवटपर्यंत थोडं-थोडं येत राहतं.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. उलट बाजूही सांगायला हवी. फळात पेक्टिन असतं, जॅम घट्ट करणारा पदार्थ. त्यातून आंबताना थोडं मिथेनॉल तयार होतंच, आणि ते फेणीत असतं तसं कुठल्याही फळाच्या ब्रँडीतही असतं. नीट गाळलेल्या दारूत ते इतकं कमी असतं की सहसा त्यानं विषबाधा होत नाही. सामूहिक मृत्यूंचं कारण वेगळं असतं. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल स्वस्त पडतं म्हणून कुणीतरी ते दारूत ओततं, किंवा दारू म्हणून तेच विकतं. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणी भागात शंभरावर माणसं गेली ती अशी. २०२४ मध्ये तामिळनाडूतल्या कल्लकुरिचीतही मिथेनॉल मिसळलेली दारूच होती, आणि साठाहून अधिक जीव गेले.

मिथेनॉल शरीरात काय करतं? यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं. काजूच्या झाडावर चढलेल्या प्रत्येकाला हे आम्ल माहीत आहे. पानं चिकटवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, आमचे हुमले, चावल्यावर आग होते ती याच्यामुळे. तेच आम्ल रक्तात साचतं आणि डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव घालतं. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. ३० मिलिलिटर जीवघेणं ठरू शकतं.

आणि त्रास लगेच होत नाही. बारा तास, कधी चोवीस तास माणूस ठीक असतो, नुसती चढलीय असं वाटतं. मग पोटात कळ, उलट्या, दम लागणं, डोळ्यांपुढे धुकं. असं झालं तर झोपवून ठेवू नका, ताक-लिंबू देत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं ते डॉक्टरांना खरं सांगा. उतारा आहे, डायलिसिसनं विष काढता येतं, पण वेळेत. पोलीस केसच्या भीतीनं घरचे गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यात डोळे जातात. कृपा करून बोला.

## "काडी लावून बघतो की आम्ही!"

हा आक्षेप गावोगाव ऐकू येतो. चमचाभर ओतायची, काडी लावायची, निळी ज्योत दिसली की शुद्ध. ज्योत फक्त एवढंच सांगते की द्रव जळण्याइतका कडक आहे. मिथेनॉलही फिकट निळंच जळतं, उजेडात तर दिसतही नाही. बाटली हलवून फेसाचे मणी बघण्यानं कडकपणाचा अंदाज येतो, शुद्धतेचा नाही. मिथेनॉल ओळखायला प्रयोगशाळाच लागते. माझ्या मते घरच्या भट्टीविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा हा आहे, महसूल नव्हे.

महसूलही आहेच. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली आहे, तिच्यावरचा कर थेट राज्याच्या तिजोरीत जातो. कोकणात ही जुनीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकात उरण हे मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचं मोठं ठाणं होतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गाळण्यावरची पकड घट्ट झाली, आणि १८९२ चा मोहाचा कायदा तर खास ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी, नुसती फुलं बाळगण्यावर बंधन घालणारा. तेव्हाच्या सरकारला लोकांच्या डोळ्यांची काळजी नव्हती, उत्पन्नाची होती. हा इतिहास आपल्याकडच्या अविश्वासाच्या मुळाशी आहे, आणि तो अविश्वास मला समजतो.

## सीमेपलीकडून बाटली आणली तर?

तिकडे कायदेशीर विकत घेतलेली फेणी इकडे आणणं म्हणजे या कायद्याच्या भाषेत आयात. गोव्यातली पावती हा महाराष्ट्रात आणायचा परवाना होत नाही. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या उघडून बघतात त्या यासाठीच. दारू तर जातेच, गाडीही जप्त होऊ शकते.

## परदेशात चालतं ना?

न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरती दारू घरी गाळायला कायद्यानं मुभा आहे. अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्यानं परवानगी मिळाली, पण घरी स्पिरिट गाळणं केंद्रीय कायद्यानं गुन्हाच राहिलं. २०२४ मध्ये टेक्सासमधल्या एका न्यायालयानं ही मनाई घटनाबाह्य ठरवली, तीही त्या खटल्यातल्या मंडळींपुरतीच. एकूण, घरी गाळण्याला मनाई करणारे आपण एकटे नाही. न्यूझीलंडचं उदाहरण देणाऱ्यांनी एक पाहावं: तिथे चांगली उपकरणं दुकानात उघड मिळतात आणि माहिती उघड मिळते. आपल्याकडे चोरून लावलेल्या भट्टीला मिळतो तो कुठल्या तरी कारखान्यातून आलेला रिकामा ड्रम. त्यात आधी काय होतं ते कुणी सांगत नाही.

## मग बोंडवांचं करायचं काय?

माझं मत लपवत नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यात गावांच्या गटाला मिळून एक भट्टी, तिला परवडणारा परवाना आणि प्रत्येक खेपेच्या दारूची प्रयोगशाळेत तपासणी, अशी सोय व्हायला हवी. बागायतदारानं बोंडू द्यावा आणि पैसे घ्यावेत. त्या दारूला 'गोवा फेणी' म्हणता येणार नाही, ते नाव मानांकनानं गोव्याचं आहे. नवं नाव शोधावं लागेल. अडचण वेळेचीही आहे. पडलेला बोंडू दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही, त्यामुळे भट्टी पन्नास किलोमीटरवरच्या औद्योगिक वसाहतीत असून उपयोग नाही. ती बागेच्या जवळच हवी. तोवर घरी भट्टी लावू नये, या माझ्या सांगण्यात बदल नाही.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कुजूक घालूचा?" तसंही नाही. रसाचं सरबत, सिरप होतं. अडतो तो तुरटपणा. आजी म्हणायची, "बोंडू खा, पण वर पाणी पिऊ नको, घसो धरतलो." घसा धरणारा तो टॅनिन. साबुदाणा शिजवून त्याची पेज रसात ढवळली की टॅनिन त्याला धरून तळाशी बसतं आणि वर नितळ, पिवळसर रस उरतो.

यंदा काकांनी झाडाखाली मासेमारीची जुनी जाळी चार काठ्यांवर ताणून बांधली आहे. बोंडू जाळीत पडतो, त्याला माती लागत नाही, तो फुटत नाही. सकाळी आठच्या आत गोळा करतात, धुतात, पिळतात. पहिल्या वीस बाटल्या पडवीत ओळीनं उभ्या होत्या. एकीचं बूच काढून मी प्यायलो. वर पाणीही प्यायलो. घसा धरला नाही.